नळ गळतोय

कॉक बंद केला तरी नळात उरलेलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने फडक्याने हात पुसला आणि पाना पुन्हा नटावर बसवला.

मिनिटाला बावीस थेंब. काल अठरा होते. सारी नोकरी रक्त तपासण्यात गेलेल्या बाईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या घरात मोजण्यासारखा दुसरा आवाज नव्हता.

मुलगी दूर निघून गेली त्याला दोन वर्षं झाली. आई म्हणाली होती, नको जाऊस. वडील म्हणाले होते, जा. मुलगी गेली, आणि नवराबायकोचं बोलणंही तिच्याच सामानात बांधून गेल्यासारखं झालं. भांडण असं झालंच नाही. भांडायलाही बोलावं लागतं.

एकच वाक्य मागे राहिलं. महिन्या-दीड महिन्याने ती बाहेरच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणायची, "अहो, नळ गळतोय." मग ते वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि हत्यारांची पेटी घेऊन आत यायचे. जन्मभर कारखान्यात फिटर होते. ती टॉर्च धरायची. शेवटचा नट कसताना त्यांचा ठरलेला टोमणा यायचा, की नळ आहे तो, वैऱ्याचा गळा नव्हे, जरा हलक्या हाताने बंद करत जा. तीही सुनावायची, की तुमच्या हातची दुरुस्ती महिनाभर टिकत नाही, तो कारखाना चालला कसा देव जाणे. अर्धा तास असा जायचा. पुन्हा महिनाभर चिडीचूप.

या खेपेला वाक्य फुकट गेलं. जिन्यात पाय घसरल्यामुळे त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. प्लंबरला बोलावते, असं ती म्हणाली तर ते एकदम तडकले. प्लंबर नको, पेटीलाही हात लावायचा नाही, प्लास्टर निघालं की मी बघेन. प्लास्टर निघायला अजून महिना होता. महिनाभर नुसते थेंब ऐकत बसायचं तिच्या जिवावर आलं. आज ते हात दाखवायला दवाखान्यात गेले आणि तिने पेटी ओढली.

नट सुटला. वॉशर तळहातावर घेऊन ती खिडकीशी गेली. वापरून झिजलेल्या रबरावर गोल वळ उठायला हवा. तो होता, पण पुसट. त्याच्याखाली बारीक ओरखडे होते, सगळे समांतर, सगळे एकाच दिशेने. असं रबर आपोआप झिजत नाही.

तिने पेटी उपसली. तळाशी एका डबीत नवे, जाडजूड वॉशर होते. डझनभर तरी असतील, एकालाही पाणी लागलेलं नव्हतं. शेजारी एक छोटी कानस होती. तिच्या दातांत काळं रबर भरलेलं होतं.

 मग तिने डबीतला जाड वॉशर बसवला, कॉक उघडला आणि नळ बंद केला. पाच मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. एकही थेंब नाही.

ते परतले तेव्हा घर इतकं शांत होतं, की चपला न काढताच ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ओट्यावर जुना वॉशर आणि कानस शेजारी शेजारी ठेवलेली होती. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. काहीतरी करायला हवं म्हणून डावा हात नळाकडे नेला. नळ हलेना.

"केवढा आवळलायस," ते हळूच म्हणाले. "अशाने नवा वॉशरही महिनाभरात जाईल."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं त्यासाठीच आवळतेय."