सरकारी शिवी

"सरकारचा नवा हुकूम ऐका हो!" बंडोपंतांनी गॅलरीतून आरोळी ठोकली. हातातल्या पेपरात खरं तर कोरोनाची रोजचीच पानभर सरकारी जाहिरात होती: ज्येष्ठांनी घरातच राहावे, अंतर पाळावे. ती वाचून समोरच्या अण्णा मगदूमांनी खिडकीसुद्धा लावून घेतली होती. सकाळच्या चहाबरोबर गल्लीपलीकडून भांडायचा दोघांचा जन्माचा रिवाज बुडाला. बंडोपंतांच्या घरात तर बोलायला दुसरं माणूसही नव्हतं.

"साठीवरच्यांनी रोज समोरच्याला कचकचीत शिवी द्यावी, फुप्फुसं मोकळी होतात!" ते खणखणीत आवाजात वाचत सुटले. "जो देणार नाही, त्याला डॉक्टर घरी येऊन शिवी देतील!"

शेजारणी खुदखुदल्या. अण्णांची खिडकी काही हलेना. बंडोपंत पेपराची घडी घालून आत वळले.

तेवढ्यात मागे अण्णांच्या खिडकीची कडी वाजली. नाकावर पंचा गुंडाळून अण्णा गजांशी उभे होते. "लबाडा, माझ्याकडेही हाच पेपर येतो! कुठल्या पानावर छापलंय हे?"

बंडोपंतांचा चेहरा पडला.

अण्णा मात्र खिडकी लावेनात. "बरं, उद्याच्या पेपरात काय येणार आहे?" त्यांनी हळूच विचारलं. "रात्र काढायला काहीतरी नको का रे?"