सोमवारपर्यंत

“मीठ कुठाय?” मिस्टर हॉलिसनी चमचा ताटलीत आपटला.

“सोमवारनंतर,” अर्लीन म्हणाली. “मग हवं तर मिठाच्या पोत्यात तोंड घाला.”

“बघ रोंडा! माझ्याच घरात ही पोरगी मला उपाशी मारतेय.”

पोरगी सत्तरीची होती. मिस्टर हॉलिस शहाऐंशीचे. मिसिसिपीच्या त्या भागात काळ्या बाईला पोरगी म्हणायची पद्धत गेली होती, पण मिस्टर हॉलिसना ते कुणी कळवलं नव्हतं.

सोमवारी त्यांच्यावरचा खटला उभा राहायचा होता. चाळीस वर्षांपूर्वी, काळ्या लोकांची नावं मतदार यादीत घालत हिंडणाऱ्या दोन काळ्या पोरांना नदीकाठी नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. कुणी घातल्या ते तेव्हा गावात सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे पोलिसांनी शोधायची तसदी घेतली नाही. आता जिल्ह्याला नवी सरकारी वकील आली होती, एक जुना साक्षीदार मरणाच्या भीतीनं खरं बोलून बसला होता आणि मारेकरी म्हणून ज्यांची नावं निघाली, त्यांतले एकटे मिस्टर हॉलिस जिवंत उरले होते. तेही जेमतेम.

आरोपाची बातमी छापून आली तशी आधीची सेविका काम सोडून गेली. त्याच आठवड्यात अर्लीन आली. तिनं आरोपाबद्दल चकार शब्द काढला नाही, औषधांच्या वेळा तेवढ्या विचारल्या. तेव्हापासून मिस्टर हॉलिसची साखर, रक्तदाब आणि जीभ तिच्या ताब्यात होती. पैकी पहिल्या दोन गोष्टी आटोक्यात आल्या होत्या.

शुक्रवारी त्यांचे वकील टॅलमॅज आले.

“ही अर्लीन,” रोंडानं ओळख करून दिली.

“अर्लीन काय?”

“अर्लीनच. वडिलांचं सगळं हीच बघते. घरचीच आहे हो.”

घरच्या माणसाला आडनाव लागत नाही. टॅलमॅजनी मान डोलावली, मिस्टर हॉलिसना निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“तुम्ही फारच टवटवीत दिसताय,” ते कुरकुरले. “सोमवारी कोर्टाचा डॉक्टर तपासणार. जरा खंगलेले दिसलात तर तारीख पुढे जाईल. आणि तुमच्या वयात एकदा पुढे गेलेल्या तारखेशी गाठ पडत नाही.”

“दोन दिवस गोळ्या बंद ठेवू?” मिस्टर हॉलिसनी उत्साहानं विचारलं.

“मी असताना नाही,” अर्लीन म्हणाली. तिनं गोळी दिली, पाणी दिलं आणि तोंड उघडायला लावून जिभेखालीसुद्धा पाहिलं.

रोंडाला भरून आलं. अर्लीनच्या चर्चमध्ये दर बुधवारी मिस्टर हॉलिसच्या आयुष्यासाठी प्रार्थना होते, हे कळलं तेव्हाही तिला असंच भरून आलं होतं. तिच्या स्वतःच्या चर्चनं एक शुभेच्छापत्र आणि मॅकरोनीचं भांडं पाठवून हात झटकले होते.

“तुम्हा लोकांची मनं किती मोठी गं,” ती म्हणाली.

“आमचं मागणंही मोठं असतं, मिस रोंडा.”

शनिवारी सकाळी मिस्टर हॉलिसनी फ्रिजच्या दाराआड उभं राहून चोरून खारवलेलं मांस खाल्लं आणि तुकडा घशात अडकला. ओठ निळे पडले. रोंडा किंचाळत फोनकडे धावली. परत आली तर अर्लीन त्यांना मागून कवेत घेऊन सगळ्या ताकदीनं आवळत होती.

“जायचं नाही! ऐकताय? मी जाऊ देणार नाही तुम्हाला. इतक्यात नाही!”

तुकडा उडून भिंतीवर आपटला. मिस्टर हॉलिस खोकले, शिवी हासडली, जगले. अर्लीन फरशीवर बसून हमसून हमसून रडली.

“पोटच्या पोरीला जमलं नसतं हे,” रोंडा म्हणाली. पोटची पोर तीच होती.

सोमवारी अर्लीननं मिस्टर हॉलिसची दाढी केली, टाय बांधला आणि वकिलांनी मुद्दाम आणवलेली चाकांची खुर्ची स्वतः ढकलत कोर्टात नेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “ठणठणीत. एवढा चांगला रक्तदाब माझाही नाही.” न्यायाधीशांनी खटला सुरू करायचा हुकूम दिला.

“सुटले मी, देवा!” अर्लीन इतक्या मोठ्यानं म्हणाली की न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. तिचे खांदे एकदम सैल पडले.

“फारच काळजी घेतलीस, बाई,” टॅलमॅज पुटपुटले.

रोंडानं बापाच्या मागच्या बाकावर सरकून जागा केली. “ये, इथे आमच्यात बस.”

“खुर्चीचा ब्रेक लावलाय. दुपारची गोळी त्यांच्या वरच्या खिशात आहे,” अर्लीन म्हणाली आणि मधली वाट ओलांडून पलीकडच्या पहिल्या बाकाकडे गेली.

दाराशी उभा असलेला तरुण काळा शिपाई लगबगीनं आला. “मावशी, हे बाक मारल्या गेलेल्या पोरांच्या घरच्यांसाठी ठेवलंय. तुम्ही त्या म्हाताऱ्याबरोबर आलात ना?”

“त्याला आणून सोडलं,” अर्लीन टेकत म्हणाली. “त्या पोरांतला धाकटा माझा भाऊ.”