स्टेडियमचं अनेकवचन

“स्टेडियम्स?” विजयसिंहसाहेब टेबलावर थाप मारून हसले. “स्टेडिया, बाई, स्टेडिया! मूळ लॅटिन शब्द हाय. डेटमचं डेटा, तसं स्टेडियमचं स्टेडिया. एवढं येत न्हाई अन् पोरांना इंग्रजी शिकवायला निघालात?”

शेजारी बसलेले दोघेही हसले. शाळा विजयसिंहसाहेबांच्या संस्थेची, नोकरी देणारे तेच. धनश्री ‘सॉरी सर’ म्हणून उठली. दारापर्यंत ते हसणं तिच्या पाठीवर येत राहिलं.

बाहेर व्हरांड्यात आम्रपाली आपल्या नंबरची वाट पाहत होती. बीएडला दोघी एका खोलीत राहिलेल्या. आज मुलाखतीसाठी आष्टीला आल्याही एकाच एसटीनं, आणि शाळेच्या ओट्यावर बसून एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. जागा मात्र एकच होती. आम्रपालीचं इंग्रजी आपल्यापेक्षा सरस आहे, हे धनश्रीला पहिल्यापासून ठाऊक होतं.

“काय इचारलं गं?” आम्रपालीनं तिचा हात धरला.

धनश्रीनं नजर चुकवली. “स्टेडियमचं अनेकवचन. मी स्टेडियम्स सांगितलं. लई खूश झाले.”

आम्रपाली हसऱ्या चेहऱ्यानं आत गेली. दार लागलं आणि धनश्री बाकावर टेकली. हे काय बोलून बसलो आपण? अजूनही उठावं, दार ढकलावं, काहीतरी सांगावं. पण ती बसूनच राहिली. तेवढ्यात आतून तेच हसणं ऐकू आलं. तिनं पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं. हसणं मध्येच थांबलं. मग फक्त आम्रपालीचा आवाज येत राहिला, शांत, न अडखळता.

बाहेर आली तेव्हा आम्रपालीचे डोळे लाल होते, पण मान ताठ होती.

“मी बी स्टेडियम्सच म्हणलं,” ती सांगू लागली. “साहेब म्हणाले, आधीची बी हेच सांगून हसं करून घेऊन गेली, दोघी एकाच माळेचे मणी. मग मात्र मला ऱ्हावलं न्हाई. सर, दोन्ही चालतंय म्हणलं. स्टेडिया बी अन् स्टेडियम्स बी. मोबाइलवर डिक्शनरी काढून म्होरं धरली. सगळे गप झाले. आधीच्या मॅडमचं बी बरोबर होतं, त्यांचे मार्क कापणार न्हाई, एवढं वदवून घेतलं अन् उठले.”

धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आम्रे, मी तुला मघाशी...”

“कळलं मला, नको सांगू.” आम्रपालीनं ओढणीनं तिचे डोळे पुसले. “तुला एवढं हसले, तरी बाहेर येऊन तू मला खूश झाले म्हणालीस. माझा धीर सुटू नये म्हणूनच ना?”