होडीची नवी टाकी

"बोट लावून बघ," बाबल्या म्हणाला.

देवजीनं टाकीच्या बुडाला बोट लावलं आणि ते सरळ आत गेलं. पत्रा कुठला, गंजाचा पापुद्राच तो. घासलेट पाझरून होडीच्या तळाशी साचलं होतं. नळीच्या तोंडावरची जाळीही भुगा होऊन त्याच्या हातात आली.

होडी मूळची समुद्रावरची. डहाणूकडे आधी शिडावर, मग इंजिनावर मासे धरून धरून ती म्हातारी झाली. तेव्हा जव्हारच्या दरबारानं ती घेतली, बैलगाड्यांवर घालून घाट चढवली आणि पावसाळ्यात माणसं पलीकडे न्यायला या नदीवर सोडली. तिच्याबरोबर बाबल्या कोळीही आला. खाऱ्या पाण्यानं टाकी कधीच खाल्ली होती. दगा द्यायला तिनं नेमका आजचा दिवस धरला.

पलीकडच्या पाड्यावर देवजीची रुपी दोन दिवस अडली होती. पहिलंच बाळंतपण. सकाळी तिचा दीर रघ्या पलीकडच्या काठावरून हाळी घालून गेला होता. मूल आडवं आलं होतं, सुईणीनं हात टेकले होते. जव्हारहून डॉक्टर घोड्यावरून आले होते आणि काठावर छत्री धरून बसले होते. नदी दुथडी भरलेली. नुसत्या वल्ह्यांनी ती ओढ कापता येणार नव्हती.

"दुपारपर्यंत नवी करशील?" बाबल्यानं विचारलं.

"लेक माझी हाय पल्याड," देवजी म्हणाला आणि माप घेऊन निघाला.

तो शेतकरीच, पण तरुणपणी जव्हारच्या बाजारात एका कासाराकडे राहून डाख देऊन पत्रा सांधायला शिकला होता. कंदील, डबे, गळकी भांडी, सगळं त्याच्याकडे यायचं. काम करताना तो बोलत नसे आणि कुणी काही विचारलेलं त्याला खपत नसे. त्याची बायको सुकरी वीस वर्षं हे सोसत आली होती.

घरी तो जस्ती पत्रा कापत बसला, सुकरी निखारे फुलवत बसली. मध्येच शेजारची हौशी नेलेलं पातेलं परत द्यायला आली. तळाशी नागलीचे चार दाणे होते. सुकरीनं ते वेचून कणगीत टाकले. भादव्यातली कणगी ती, तिच्यात दुसरं होतं काय! तांदूळ म्हणावा तर आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यात होता तेवढाच, रुपीच्या बाळंतपणासाठी राखलेला. महिनाभर दोघं कंद उकडून खात होती, पण त्या भोपळ्याला कुणी हात लावला नव्हता.

"जगंल ना ती?" सुकरीनं विचारलं.

देवजीनं कापलेल्या पत्र्याच्या कडा जुळवल्या. त्याला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं.

टाकी झाली. त्यानं ती पाण्यानं काठोकाठ भरली, एकेक सांधा बोटानं चाचपला. थेंब नाही. मग पाणी ओतून टाकलं, आतून फडकं फिरवलं, निखाऱ्यांवर धरून टाकी कोरडीठाक केली. इतकं नेटकं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

"मी पुढं होतो, जुनी काढून ठेवतो. तू ही घेऊन ये. आपटू नको."

सुकरी आली ती टाकी डोक्यावर घेऊन. टाकीच्या तोंडावर तिनं सागाचं पान बांधलं होतं. पाऊस भुरभुरत होता, आणि देवजीला तिच्या शहाणपणाचं बरं वाटलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. एवढं कौतुक त्यानं तिचं क्वचितच केलं असेल.

"जाळी?" टाकी बसवताना बाबल्यानं विचारलं.

"तेवढी बारीक जाळी नाय माझ्याकडं. नवा पत्रा हाय, गंज कुठला यायचा?"

बाबल्याला ते पटलं. त्यानं पान काढून घासलेट ओतलं. इंजिन चालू झालं तशी काठावरची माणसं ओरडली. डॉक्टर पेटी घेऊन चढले. पलीकडे रघ्या दोन्ही हात वर करून नाचत होता. सुकरी हात जोडून उभी होती, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा देवजीला श्वास पुरता आल्यासारखं वाटलं.

होडी मध्यावर गेली आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग गप्प झालं.

बाबल्यानं पुन्हापुन्हा चाक फिरवलं, वल्हं मारलं, देवाला शिव्या घातल्या. ओढीनं होडी फिरवली, खाली नेली आणि वळणावर याच काठच्या जांभळीच्या मुळ्यांत घुसवली. माणसं वाचली. डॉक्टरांची पेटी वाहून गेली.

दिवस कलताना रघ्या पलीकडे परत आला. त्यानं हाळी घातली नाही. डोक्याचं फडकं सोडलं आणि तो खाली बसला.

"माझा डाख सुटला," देवजी म्हणाला. "म्यां मारली पोरीला." सुकरी रडून रडून काठावरच आडवी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जांभळीपाशी गेला. कोणत्या सांध्यानं घात केला, ते त्याला बघायचं होतं. सुकरी त्याच्या मागोमाग गेली. त्यानं टाकी सोडवली, सगळे सांधे पुन्हा चाचपले. एकही सुटला नव्हता. टाकी घासलेटानं जड होती, पण खालच्या तोटीतून थेंब येत नव्हता.

त्यानं तोटीत तार घातली. काहीतरी कुरकुरलं. मग त्यानं टाकी उपडी केली, आणि घासलेटाबरोबर मूठभर तांदूळ त्याच्या पायावर सांडला.

देवजीनं वळून बायकोकडे पाहिलं.

"लेकीच्या गावाला जायचं भांडं," सुकरी म्हणाली, "रिकामं कसं धाडू?"