मागे घेतलेला शोधनिबंध
भाग्यश्री पुण्यात पीएचडी करत होती. रक्ताच्या कर्करोगावरच्या कोणत्या शोधनिबंधांचे संदर्भ सर्वाधिक दिले जातात, हा तिचा विषय. त्यात तिला एक शोधनिबंध सापडला. आकडे खोटे निघाल्यामुळे जर्नलने तो मागे घेतला होता, तरी डॉक्टर अजून त्याचाच आधार घेत होते. लेखक होते तिचेच गाईड, घाटपांडे सर. “प्रबंधातून हे काढून टाका,” सर म्हणाले. “आणि पेशंट?” “पेशंट जर्नल वाचत नाहीत.” “त्यांचे डॉक्टर वाचतात, सर.” सरांनी चष्मा पुसला. “मग प्रबंध पुढे जाणार नाही. आपली मर्जी.” सादर करण्याची मुदत याच महिन्यात संपत होती. तरी भाग्यश्री म्हणाली, “नाही काढणार.” दुपारी तिने ऑफिसात गाईड बदलण्याचा अर्ज मागितला. खिडकीतल्या बाईंनी लगेच दिला. “फक्त सध्याच्या गाईडची संमती आणा.”