आधी थालीपीठ

सासूबाईंनी लॅपटॉप मिटला. "हे प्रोग्रामिंग माझ्या डोक्यात शिरत नाही. एक अक्षर चुकलं, की काळ्या पडद्यावर सगळं लाल."

मृण्मयीचा चेहरा पडला. ऑफिसात वापरते तेच सॉफ्टवेअर तिनं हौसेनं त्यांना दिलं होतं. मग तिला लग्नानंतरच्या आपल्या फाटक्या पोळ्या आठवल्या. ती रडकुंडीला आली, तेव्हा सासूबाईंनीच तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं होतं. "आधी थालीपीठ थाप," म्हणाल्या होत्या.

तिनं लॅपटॉपवर दुसरंच काही उघडलं. त्यात रंगीत ठोकळे जोडले, की कासव रेघा ओढत चालायचं. "हे तुमचं थालीपीठ."

संध्याकाळपर्यंत कासवानं अख्खी रांगोळी काढली. सासूबाईंनी ती शेजारणीला दाखवली आणि पदर खोचला.

"आता पोळी," त्या म्हणाल्या. "उघड तो काळा पडदा."