दोन पत्त्यांची फट

गाडीचं दार मिटल्याचा आवाज सल्वानीला गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. पाठोपाठ मेई फोंगचं हसू. सल्वानी जागीच थांबली. कडेवर बाळ, दुसऱ्या खांद्यावर कपड्यांची पिशवी. दोन्ही बाजू सारख्याच ओढत होत्या. बाळ सात किलोंचं. परवाच दवाखान्यात काट्यावर ठेवलं होतं. पिशवीही तेवढीच भरली असावी. अकराच्या बसनं ती आईकडे निघाली होती. नवऱ्याला तोंडावर सांगून जायचं, एवढंच राहिलं होतं.

चार महिने नवऱ्याचा, हझरुलचा, प्रत्येक रविवार या गल्लीतल्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये जात होता. वडिलांची जुनी टॅक्सी त्यानं पुन्हा उभी करायला काढली होती. गंजलेले पत्रे काढून टाकले, क्वालालंपूरहून नवे मडगार्ड, बॉनेट आणि दारं मागवली. पण बाजारातला तयार माल कुठल्या गाडीला पहिल्या झटक्यात बसलाय? इकडे दाबावं तर तिकडे तोंड वासतो. शिवाय दार बसवायला दोन माणसं लागतात. एकानं उचलून धरायचं, दुसऱ्यानं बिजागरीचे बोल्ट आवळायचे. हे दुसरं माणूस म्हणजे मेई फोंग, शेडची मालकीण. ताइपिंगच्या त्या अख्ख्या बाजारात डेंटिंग करणारी एकटी बाई. वेताच्या काठीसारखी शिडशिडीत.

हझरुल घरी यायचा तो तिचं कौतुक घेऊनच. "डोळे मिटून दाराच्या फटीवरून नुसतं बोट फिरवते गं! आणि सांगते, वरच्या अंगाला केसभर जास्त आहे."

सल्वानी भाताचं ताट जरा जोरातच ठेवायची. बाळाचा लंगोट बदलता बदलता तिच्या मनात यायचं, आपल्या गालावरून यानं शेवटचं बोट कधी फिरवलं?

आणि गुरुवारी तर कहरच झाला. जेवता जेवता त्यानं विचारलं, "सल्वा, तुझं वजन किती गं सध्या?"

घास तिच्या तोंडात फिरला. "कशाला, अबांग? कुणाशी तोलायचंय मला?" नवऱ्याला ती अबांग म्हणायची.

"अगं, सहज."

"पंचावन्न," ती म्हणाली. बाळंतपणाआधी तेवढंच होतं.

त्यानं मान डोलावली. गालात हसलाही, असं तिला वाटलं. ते हसू तिला तीन दिवस टोचत राहिलं. आज सकाळी पाहते तर घरातलं तांदळाचं न फोडलेलं पोतं गायब. शेजारच्या रोकियाकाकूंनी कुंपणावरून खबर दिली, "तुझा नवरा खांद्यावर टाकून घेऊन गेला की शेडकडे! मला वाटलं, तूच पाठवलंस." म्हणजे घरचा दाणाही आता तिकडे पोचायला लागला. काकूंशी दोन शब्दही न बोलता सल्वानी आत गेली आणि पिशवी भरायला बसली.

आता ती शेडच्या पत्र्याआड उभी होती, कान आत लावून. पत्र्याच्या भोकातून ती दोघं तेवढी दिसत होती.

"हे बघ," मेई फोंग म्हणत होती. तिनं खेळायचे दोन पत्ते एकत्र धरले आणि दार आणि मडगार्डमधल्या फटीतून वरून खालपर्यंत नेले. कुठे अडले नाहीत, कुठे सैल पडले नाहीत. "लोण्यातून सुरी! आवळ आता कायमचे बोल्ट."

"थांब, अजून एकदा बघू दे."

"अरे, किती बघशील? लोक रिकाम्या गाडीला दारं बसवतात. रिकामी असते तोवर नवरीसारखी दिसते. माणसं बसली की खालची चौकट दबते आणि दारं घासायला लागतात. तुझी तर मी भरल्या गाडीवर बसवून दिलीत. फक्त वहिनींचं वजन बरोबर सांगितलंयस ना? चौकट म्हातारी आहे, पाच-सात किलोंनीसुद्धा नाक मुरडते."

"तिनंच सांगितलं. पंचावन्न."

"बाळंतीण बाई, आणि पंचावन्न?" मेई फोंग फिसकन हसली. "त्यांनाच आणून बसवायचं होतंस."

"या उकाड्यात, सकाळपासून? पोराला घेऊन? आणि मग ईदला दारात गाडी उभी करून तिला चकित काय करायचं, कपाळ? ती खोटं सांगायची नाही गं. माझी बायको आहे ती. असेल ते तोंडावर बोलते."

सल्वानीनं मान पुढे काढली. स्टिअरिंगमागे सिमेंटची पोती होती, नवऱ्याच्या वजनाची. त्याच्या शेजारच्या सीटवर दहा-दहा किलो तांदळाची पाच पोती एकावर एक रचली होती, वर साखरेची पाच किलोंची पिशवी, आणि सगळ्यांभोवती नीट पट्टा लावलेला. मागच्या सीटवर पिठाची एक छोटी पोटली होती. बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेली.

हझरुलनं पाना उचलला.

"थांबा, अबांग."

दोघंही दचकून वळले. हझरुलची नजर बाळावरून तिच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली आणि तिथेच राहिली. सल्वानीनं बाळ मेई फोंगच्या हातात दिलं. खांद्यावरची पिशवी काढली, गाडीचं दार उघडलं आणि साखरेच्या वर ती हलकेच ठेवली.

"सात किलो आहेत," ती खाली मान घालून म्हणाली. "तेवढे मी कमी सांगितले होते."